उडालेला एलईडी बल्ब उघडून त्याला फॉइल लावू नका

‘एलईडी म्हणजे शुद्ध फसवणूक’ अशा मथळ्याचा पाच मुद्द्यांचा मेसेज सध्या घरोघरी फिरतोय. वीज वाचतच नाही. बल्ब फुटला की पाऱ्याची वाफ निघते. 25,000 तासांचं आयुष्य ही थाप आहे. बंद केल्यावरही बल्ब मिणमिणतो म्हणजे मीटर पळत असतं. आणि बल्ब उडाला तर टोपी काढून काळा ठिपका पडलेल्या चिपवर फॉइल चिकटवा, नव्यासारखा चालतो. हे वाचून माझ्या मावशीने जुने पिवळे बल्ब परत लावले आणि मावसभाऊ फॉइल कापायला बसला. म्हणून हे लिहितोय.

फॉइलचं आधी, कारण त्यात जीव जाऊ शकतो. बल्बमधल्या चिप एकीपुढे एक अशा सिरीजमध्ये जोडलेल्या असतात. एक जळाली की सगळ्या विझतात, आणि जळालेली शॉर्ट केली की बाकीच्या पेटतात. इथपर्यंत खरं आहे. पण बहुतेक घरगुती बल्बांच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे चिपना वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटमध्ये, मेन लाइन वेगळी करणारा ट्रान्सफॉर्मर नसतो. चिपची टोकं थेट मेनला जोडलेली असतात. वरची पांढरी टोपी उजेड पसरवते, तसंच तुमचा हात आणि करंट यांच्यात उभी असते. ती काढून बल्ब लावला, तर पुसायला गेलेला ओला फडका सरळ फेजवर, म्हणजे करंटच्या जिवंत तारेवर पडतो.

खालची प्लेट ॲल्युमिनियमची असते. चिपच्या तांब्याच्या पट्ट्या आणि तो धातू यांच्यामध्ये साधारण 0.1 मिलिमीटरचा इन्सुलेशनचा थर असतो. स्क्रू-ड्रायव्हरने चिप खरवडताना तो फाटला किंवा फॉइलची कड धातूला टेकली, की प्लेटमध्ये करंट उतरतो. होल्डरमधून काढलेला बल्बही लगेच उघडणं धोक्याचं, कारण आतला कपॅसिटर काही वेळ चार्ज धरून ठेवतो. इतकं करून टिकतो का? चिप बहुधा उष्णतेने गेलेली असते आणि ती उष्णता तिथेच असते. करंट ठरावीक ठेवणाऱ्या साध्या लिनियर आयसीच्या सर्किटमध्ये तर शॉर्ट केलेल्या चिपचं व्होल्टेज आयसीवर येतं, तो आणखी तापतो. मग पुढची चिप जाते. चिकटवलेलं फॉइल सैल झालं की ठिणग्या पडतात. उडालेला बल्ब ई-कचऱ्यात द्या, विषय संपला.

पाऱ्याचा मुद्दा साफ चूक आहे. पारा सीएफएलमध्ये आणि जुन्या ट्यूबमध्ये असतो. पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश देणारी इंडियम गॅलियम नायट्राइडची चिप असते आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप. पाऱ्याबाबतच्या मिनामाटा करारातल्या देशांनी 2022 मध्ये ठरवलं की 30 वॉटपर्यंतच्या, ड्रायव्हर आतच असलेल्या साध्या सीएफएलचं उत्पादन आणि आयात-निर्यात 2025 नंतर बंद करायची. हे शक्य झालं, कारण बिनपाऱ्याचा एलईडी हाताशी होता. मेसेजने नेमकं उलटं सांगितलंय. घरात सीएफएल फुटलाच तर खिडक्या उघडून दहा मिनिटं खोलीबाहेर राहा, व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, तुकडे जाड कागदाने गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने उचला आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करा.

‘वीज वाचत नाही’ याला उत्तर म्हणजे गुणाकार. 60 वॉटचा पिवळा बल्ब देतो तेवढा उजेड, म्हणजे 700 ते 800 लुमेन, 9 वॉटचा एलईडी देतो. रोज पाच तास धरले तर वर्षाला पिवळा सुमारे 110 युनिट खातो आणि एलईडी 16. बॉक्सवर वॉट पाहून निवडू नका, लुमेन पाहा. एलईडीही तापतो म्हणून फरक नाही, असंही मेसेजमध्ये घुसडलंय. बूड हाताला चटका देतं, पण खोलीत पडणारी एकूण उष्णता 9 वॉटच्या वर जाऊच शकत नाही. चार पिवळे बल्ब बदलले की खोलीतली 204 वॉटची शेगडी विझते, आणि एसी असेल तर त्याचा तेवढा भारही उतरतो.

आयुष्याबद्दल मात्र थोडं मान्य करावं लागतं. तासांचा तो आकडा बहुतेकदा चिपचा उजेड 70 टक्क्यांवर यायला लागणारा वेळ असतो, ड्रायव्हरचा नव्हे. आधी मरतो तो ड्रायव्हरमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. तापमान 10 अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. चारी बाजूंनी बंद काचेच्या गोळ्यात बल्ब कोंडला तर तो लवकर जाणारच. तिथे कमी वॉटचा किंवा ‘बंद फिटिंगसाठी चालेल’ असं लिहिलेलाच लावा. होल्डरचे पॉइंट सैल असतील तर तेही बदला, सततच्या स्पार्कनेही ड्रायव्हर जातो.

मिणमिणण्याने बिल जाणवेल इतकं वाढत नाही. तिथे वाहणारा करंट फार थोडा असतो, तो इंडिकेटरच्या स्विचमधून किंवा शेजारून जाणाऱ्या लांब वायरमुळे येतो. पण तिसरं कारण गंभीर आहे: स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर बसवलेला असणं. तेव्हा स्विच बंद असतानाही होल्डरमध्ये फेज असतोच. वायरमनला बोलावून स्विच फेजवर घ्यायला सांगा, आणि तोवर त्या होल्डरमधला बल्ब मेन स्विच पाडल्याशिवाय बदलू नका.