सासेर ला आणि काराकोरम खिंड : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लेह ते यारकंद (आजच्या चीनच्या शिनजियांगमधलं शहर) या जुन्या व्यापारी वाटेवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत की, 5,540 मीटरच्या काराकोरम खिंडीपेक्षा 5,400 मीटरची सासेर ला ('ला' म्हणजे खिंड) अवघड म्हणणारा माणूस 'इकडचं तिकडचं वाचून लेख पाडणारा' असतो, त्याने एकदा नकाशा उघडावा, आणि काराकोरम खिंड वादग्रस्त आहे हेही त्याला माहीत नसावं.

आधी माझी चूक. एका ठिकाणी 5,540 चं 5,450 छापलं गेलं होतं. दुरुस्त केलं, आभार. पण 'लेख पाडणारा' हे मात्र मला लागलं. या वाटेचे नकाशे आणि प्रवासवर्णनं मी पंधरा वर्षं वाचतोय. मतभेद सांगायला माणसाचा अपमान करावा लागत नाही.

आता उंचीबद्दल. काराकोरम खिंड म्हणजे दोन डोंगरांमधली रुंद, कोरडी, खोगिरासारखी खोलगट जागा. दोन्ही बाजूंचा चढ मंद, माथ्यावर हिमनदी नाही, आणि वारा एवढा की बर्फ सहसा टिकत नाही. सासेर ला उंचीने कमी, पण तिथे वाट हिमनदीवरून जाते. तट्टांचे खूर घसरतात, ताजा बर्फ पडला की भेगा झाकल्या जातात. म्हणूनच नुब्रा खोऱ्यात याक भाड्याने घेऊन ओझी त्यांच्यावर चढवत. खिंड उतरली की सासेर ब्रांग्सा या पडावापाशी श्योक नदी. उन्हाळ्यात दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं, त्यामुळे ती सकाळीच ओलांडावी लागे. उशीर झाला तर मुक्काम तिथेच, आणि जनावरांचा एक दिवसाचा दाणा फुकट.

तो दाणाच खरा प्रश्न. मुर्गो, बुर्त्सा, किझिल लंगर हे पडाव सोडून देपसांगच्या पठारावर चढलात की ना चारा, ना जळण. तट्टाला रोज दोन किलो जव धरला, तर दहा दिवसांचे वीस किलो, म्हणजे ऐंशी किलोच्या ओझ्यातला पाव हिस्सा त्याच्याच पोटासाठी. व्यापारी माल वाढवून दाणा कमी करत, आणि जनावरं भुकेने पडत. वाटेवर हाडांचे सांगाडे पसरलेले असत ते त्यामुळे. उंचीवर बोट ठेवून आपण त्या मृत्यूंचा दोष खिंडीच्या माथ्याला देताय. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो, हे खरं. पण 5,400 आणि 5,540 मध्ये त्याचा फरक किती? दोन टक्क्यांच्या आसपास.

नकाशा मी उघडतोच. आपणही आकडे सोडून त्यावरच्या हिमनद्या बघाव्यात.

'वादग्रस्त' बद्दल एवढंच: खिंडीच्या पूर्वेला अक्साई चीन आणि पश्चिमेला शक्सगाम खोरं यांवर वाद आहे. 1963 च्या पाक-चीन करारातली, भारताला अमान्य असलेली रेषाही इथेच येऊन थांबते. पण खुद्द खिंड ही सीमेवरची जागा आहे, हे भारत आणि चीन दोघेही मानतात. बाकीच्या मुद्द्यांत उत्तर देण्यासारखं काही नाही.