चढाचा वेळ धरत नाहीत

एन्ड्युरो या डोंगरातल्या सायकल शर्यतीचा नियम पहिल्यांदा ऐकला की कुणाचंही मन भरून येतं. डोंगर उतरताना घड्याळ चालू, चढताना बंद. स्पर्धेत उताराचे चार-सहा टप्पे असतात, त्यांना स्टेज म्हणतात. सगळ्या स्टेजच्या वेळांची बेरीज करायची, ज्याची बेरीज सगळ्यांत कमी तो जिंकला. एका स्टेजच्या पायथ्यापासून पुढच्या स्टेजच्या माथ्यापर्यंत सायकलसकट आपापल्या पायांच्या बळावर पोचायचं. त्याला मुदत असते आणि ती चुकली तर वेळेचा दंड बसतो. पण मुदतीत पोचलात, तर वाटेत केळं खाल्लंत की झाडाखाली पाय पसरून बसलात, याची चौकशी कुणी करत नाही. "म्हणजे चढाचा वेळ धरतच नाहीत?" एवढं विचारलं की माणूस गळाला लागला म्हणून समजावं. चाळिशी ओलांडलेल्या, गुडघ्यांशी सलोख्याने राहू पाहणाऱ्या गृहस्थाला यापेक्षा दयाळू खेळ सापडणार कुठे?

मेख एवढीच की चढाचा वेळ धरत नसले, तरी तो लागतो. रविवारची अख्खी सकाळ त्यात जाते आणि धरतात तो उतार दोन-अडीच मिनिटांत संपतो.

आमच्या टोळीचं रणांगण म्हणजे पुण्यातली वेताळ टेकडी. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, टेकडीचा माथा आठशेच्या आसपास, म्हणजे चढ अडीचशे मीटरचा. आल्प्समधल्या स्पर्धेत एका दिवसात हजार-दीड हजार मीटर चढ सहज निघतो. म्हणजे आमची टेकडी सकाळपासून चार ते सहा वेळा. आम्ही ती एकदा चढतो आणि वर पोचेपर्यंत आल्प्सच्या लोकांबद्दल आमचं मत पक्कं झालेलं असतं.

या चढाचं गणित आमच्यातल्या सीएने एकदा कागदावर मांडून दाखवलं. पुढे बत्तीस दात्यांची एकच चकती, मागची सगळ्यांत मोठी एक्कावन्न दात्यांची. हा सगळ्यांत हलका गिअर. तो टाकला की पेडलच्या एका पुऱ्या फेऱ्यात सायकल दीड मीटरही पुढे सरकत नाही. मिनिटाला साठ फेरे मारले, आणि तेवढे मारताना जीभ बाहेर येते, तर वेग पडतो ताशी पाच किलोमीटर. नेमका हाच वेग रोज सकाळी टेकडीवर चालायला येणाऱ्या काकूंचा. त्यामुळे होतं काय, की आपण आणि काकू शेजारी-शेजारी चढत राहतो. पुढे जावं तर दम नाही, मागे राहावं तर लाज वाटते, आणि त्यांच्या तर घरच्या गोष्टी चाललेल्या असतात. पाषाणच्या वाटेवर एका सर्वस्वी अनोळखी कुटुंबाचा फ्लॅटच्या वाटणीचा वाद मी पहिल्यापासून निकालापर्यंत ऐकलेला आहे. निकाल धाकट्याच्या बाजूने लागला. तो ऐकून मीच मध्ये "अरे वा" म्हणालो, तेव्हा काकूंनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही उतरून ढकला की हो, लवकर पोचाल."

सल्ला बिनचूक होता. एन्ड्युरोतली निम्मी सायकल चालवायची नसतेच, ती ढकलायची असते. यंत्रच तसं आहे. पुढे-मागे १६०-१७० मिलिमीटर दबणारं सस्पेन्शन, अडीच इंच रुंद टायर, ट्रकला शोभतील असे डिस्क ब्रेक. वजन पंधरा-सोळा किलो. हे सगळं खाली येण्यासाठी बांधलेलं आहे, वर नेताना ती अडून बसलेल्या म्हशीसारखी वागते. शिवाय पेडलवर बुटाची पकड बसावी म्हणून बारीक लोखंडी खिळे असतात. ढकलताना पेडल फिरतं आणि खिळे नडगीवर येतात. आमच्यापैकी कुणाचीही पँट गुडघ्यापर्यंत वर करून पाहा, वहीत हजेरी मांडल्यागत ओळीने खुणा दिसतील.

वर जाताना भेटणाऱ्या काकांची उलटतपासणी वेगळीच.

"स्टँड नाही?"

"नाही काका."

"कॅरिअर?"

"नाही."

"घंटी तरी?"

"नाही."

"मडगार्डही दिसत नाही. मग पैसे घेतले कशाचे?"

याला आजतागायत आमच्याकडे उत्तर नाही. किमतीचा प्रश्न तर टळतच नाही. खरा आकडा लाखांतला असल्यामुळे आम्ही सगळे संगनमताने पंचवीस हजार सांगतो. तोही ऐकून काका हळहळतात आणि "फसवलं हो तुम्हाला" म्हणून खांद्यावर हात ठेवतात. एकदा मी उतारासाठी हँडलवरचा खटका दाबून सीट खाली घेतलं. याला ड्रॉपर म्हणतात, आणि साध्या माणसाला उतार उतरता यावा यासाठी सायकलवाल्यांनी शोधलेली ही सर्वांत उपयोगी वस्तू आहे असं माझं ठाम मत आहे. तर ते सीट सुळ्ळकन खाली गेलेलं पाहून एक काका मागून धावत आले. "अहो, थांबा! सीट मोडलं तुमचं!" मी खटका दाबून ते पुन्हा वर आणून दाखवलं. काकांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि सोबतच्या मित्राला सांगितलं, "ढिलं आहे."

पुण्यात एन्ड्युरो म्हटलं की बऱ्याच जणांना 'एन्ड्युरो थ्री' आठवते. तिघांच्या संघाने डोंगर चढायचे, सायकल हाणायची, नदी ओलांडायची, अशी ती घाम काढणारी साहसस्पर्धा. ऑफिसात मी एन्ड्युरो करतो असं कळल्यावर लोक आदराने बघतात, तो आदर या गैरसमजाचा आहे. तो दूर करण्याची जबाबदारी माझी नाही.

चढावर दम लागला तर थांबायचं कसं, हा प्रश्न नाजूक असतो. दम लागला म्हणून थांबलो असं कुणीच म्हणत नाही. फोन वाजतो, बुटाची नाडी सुटते, मोर दिसतो. मोर टेकडीवर खरोखरच आहेत, पण आमच्या चढावर दिसतात तितके नाहीत. सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे आमच्यातल्या डॉक्टरांना या खेळाचा इतिहास विचारणं. डॉक्टरांना तो तोंडपाठ आहे आणि चालत्या सायकलवर तो सांगता येत नाही. त्यांना पाय टेकावा लागतो, मग सौजन्य म्हणून आपणही टेकतो. हा खेळ फ्रान्सच्या डोंगरात वाढला आणि तिथल्या जुन्या स्पर्धांत वर न्यायला चक्क लिफ्ट असायच्या, इथे दोन मिनिटं. २०१३ साली एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज सुरू झाली, पहिली फेरी इटलीत समुद्रकाठच्या पुन्ता आला गावी, आणि त्या पहिल्या वर्षी पुरुषांत जेरोम क्लेमेंट्झ आणि महिलांत ट्रेसी मोझली जिंकले, इथे आणखी तीन. ट्रेसीबाईंनी पुढची दोन वर्षंही सोडली नाहीत, हे ऐकून एक दीर्घ श्वास घ्यायला हरकत नसते. २०२३ पासून यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, याला वर्ल्ड कपचा दर्जा दिला, इथपर्यंत येईतो नाडी ताळ्यावर येते.

नाडी नाहीच आली, तर सॅम हिल. ऑस्ट्रेलियाच्या या पठ्ठ्याने बुटाला न अडकणाऱ्या, साध्या सपाट पेडलवर २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षं मालिका मारली. सपाट पेडल चांगलं की बूट अडकवायचं, या विषयावर आमच्यात दोन तट आहेत. वाद एकदा पेटला की पाऊण तास कुणी जागचं हलत नाही. मी सपाटवाला आहे. सॅम हिलमुळे नव्हे, तोल गेल्यावर पाय जमिनीवर टेकावा एवढी माफक अपेक्षा असल्यामुळे.

त्याहून मोठी पर्वणी म्हणजे पंक्चर. स्पर्धेतसुद्धा स्टेजवर बाहेरून मदत घेता येत नाही, आपलं आपण निस्तरायचं, त्यामुळे एन्ड्युरोवाला सायकलच्या नळ्यांना ट्यूब, पंप आणि पान्हे चिकटपट्टीने बांधून फिरतो. हल्ली टायरमध्ये ट्यूबऐवजी पांढरं औषध असतं. काटा शिरला की ते भोकातून फसफसत बाहेर येतं आणि भोक आपोआप बुजतं. सराट्याचा काटा त्याला जुमानतो. बाभळीचा जुमानत नाही. पंक्चर झाल्यावर ज्याचं झालं त्याने चेहरा पाडायचा आणि बाकीच्यांनी "हात्तिच्या" म्हणायचं असा शिष्टाचार आहे. मनातून सगळे खूश असतात. डब्यांतले लाडू बाहेर येतात, कुणाच्या तरी मुलाच्या दहावीचा विषय निघतो. तेवढ्यात पंक्चरवाल्याने घाईघाईने टायर भरून "चला, झालं" म्हटलं, तर त्याच्याबद्दल मन कलुषित होतं.

आणि मग तो दगड.

आमच्या आवडत्या स्टेजवर मध्यावर एक काळा कातळ आडवा आला आहे. उंची घराच्या उंबऱ्यापेक्षा थोडी जास्त, गुडघ्यापेक्षा बरीच कमी. अलीकडे सुटा मुरूम, पलीकडे घायपातीची झुडपं. या दगडावरून सायकल नेता येते हे सगळ्यांना मान्य आहे. ती कुणी न्यायची एवढाच प्रश्न आहे. इथे पोचलं की सगळे सायकली आडव्या टाकतात आणि दगडाभोवती कोंडाळं करून उभे राहतात. मग हातवारे सुरू होतात. "डावीकडून धर, पुढचं चाक उचल, वजन मागे घे." "मागे नको, मध्ये ठेव." "ब्रेक सोड." "सोड काय सोड?" एक जण उकिडवा बसून दगडावर तळहात फिरवतो, डॉक्टर पोट तपासतात तसा, आणि हा अनुभवी माणूस व्यवसायाने खरोखरच डॉक्टर आहे.

एका रविवारी आमची ही वैद्यकीय तपासणी चालू असताना मागून चालणारे थांबू लागले. आधी दोन, मग पाच-सहा. शेवटी एक काका लांबूनच ओरडले, "साप आहे का?" कोणीतरी "आहे म्हणे" असं सांगितलं. पाठोपाठ "नाग की घोणस?" अशी चौकशी सुरू झाली, एका काकूंनी सर्पमित्राला फोन लावायला पर्स उघडली. खुलासा करणं भागच होतं. साप नाही, दगड आहे, आणि आम्ही तो बघतोय, हे वाक्य आठ-दहा माणसांसमोर उच्चारायला माझ्यावर वेळ आली. काका पुढे आले, त्यांनीही दगड बघितला. "पंधरा वर्षं झाली मला इथे यायला," ते म्हणाले. "पावसाळ्यात इथे सगळेच घसरतात. बाजूने जा." आम्ही बाजूने गेलो. सीए दगडावरून जातो असं म्हणत होता, पण एवढ्या वडीलधाऱ्या माणसाचा शब्द मोडणं त्याला प्रशस्त वाटलं नाही.

राहता राहिली स्टेज. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं कमीच. वरच्या हिवराच्या झाडापासून सुटायचं, खाली सिमेंटच्या बाकापाशी थांबायचं. उन्हाळ्यात सुटा मुरूम चाकाखाली गोट्यांसारखा पळतो, पावसाळ्यात चिखल पुढच्या चाकाच्या चिमट्यापर्यंत चढतो आणि वाढलेल्या गवतात दगड दिसत नाहीत, म्हणून खरा हंगाम दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा. समोर चालणारे दिसले की थांबून उतरायचं, हा आमचा नियम, मग वेळ गेला खड्ड्यात. टेकडी आधी त्यांची आहे. चाक जाम करून घसरत जाणाऱ्यांचं मला कौतुक नाही. त्या ओरखड्यातूनच पुढच्या पावसात पाणी वाहतं आणि पायवाटेचा ओहोळ होतो. पण वाट मोकळी असली, सीट खाली असलं आणि तो डावा लांबलचक वळसा आला, की त्या दहा-बारा सेकंदांत ईएमआय, गुडघे, सोमवारची मीटिंग यांतलं काहीही डोक्यात नसतं. मग लगेच बाक येतो. ब्रेक आवळून-आवळून मनगटं भरून आलेली असतात. खाली टपरीवर चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, तरी बशीत सांडतो.

त्यानंतरचा कार्यक्रम मिसळीचा. त्या रविवारी पहिली प्लेट संपायच्या आत डॉक्टरांनी मनगट पुढे केलं. स्टेजची वेळ, एक मिनिट बावीस सेकंद. टोळीत आजवर कुणाचीच दोन मिनिटांच्या आत नव्हती. टेबलावर शांतता पसरली. मग सीएने ते घड्याळ मागून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि हिशेबाच्या वह्या तपासतो त्या चिकाटीने आलेख वर-खाली केला. घड्याळात माणूस थांबला की मोजणीही आपोआप थांबवायची सोय असते. दगडाच्या बाजूच्या वळशावर आणि खालच्या मुरमात डॉक्टर इतके जपून उतरले होते, की घड्याळाने त्यांना थांबलेलं समजून स्वतःला बंद केलं होतं. दोन वेळा.

"घड्याळ बंद होतं ना?" डॉक्टर म्हणाले. "मग तो भाग चढात धरा. चढाचा वेळ धरत नाहीत."

नियमावर बोट ठेवल्यावर आमची पंचाईत झाली. बराच काथ्याकूट झाला, दुसरी तर्री आली, पावाची लादी संपली. अखेर सीएने ठराव मांडला की डॉक्टरांचा पहिला नंबर मान्य, विक्रमही मान्य, आणि आजपासून सगळ्या मिसळीचे पैसे पहिला येईल त्याने द्यायचे.

डॉक्टरांनी ताबडतोब फेरमोजणी मागितली.