पहाटे चारचा अभ्यास, सहाचा क्लास

हिवाळ्यात अमेरिकेत मी राहतो त्या सिअ‍ॅटलला दुपारचे अडीच वाजतात, तेव्हा सोलापुरात दुसऱ्या दिवसाचे पहाटेचे चार झालेले असतात. नेमक्या त्या सुमारास माझा बारावीतला भाचा फोनवर ऑनलाइन दिसू लागला. मुलगा चारला उठतो याचा ताईला अभिमान होता. मला मात्र काळजी वाटली, कारण आदल्या रात्री बाराला गणिताचा प्रश्न विचारणाराही तोच असे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला, तेव्हा आमच्या घरच्या गटावर मोठा वाद झाला होता. दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांनी जादा खोल्या कुठून आणायच्या, रिक्षावाल्या मामांनी फेऱ्या कशा जुळवायच्या, आणि सोलापूरच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात मुलांना दुपारी घरी कसे आणायचे, हे आक्षेप मला आजही खरे वाटतात. इथल्या रिमझिम पावसात बसून सकाळच्या शाळेला नावे ठेवणे सोपे आहे. पण एक गोष्ट त्या वादात कोणीच काढली नाही. लहान मुले मुळात लवकर झोपतात आणि लवकर उठतात. शरीराचे घड्याळ पुढे सरकते ते वयात येताना, आणि मग रात्री अकरापर्यंत डोळ्यांवर झोपच येत नाही. त्यामुळे पहाटेचा जाच सर्वांत अधिक होतो तो नववी ते बारावीच्या मुलांना, आणि आदेश थांबतो चौथीवर. सकाळी सहाच्या खासगी क्लासला तर तो लागूच नाही.

सिअ‍ॅटलने २०१६ मध्ये याच्या नेमके उलटे केले. मोठ्या मुलांची शाळा ७.५० वरून ८.४५ वर नेली आणि बहुतेक प्राथमिक शाळा आठच्या सुमारास भरू लागल्या. मुले तेवढा वेळ रात्री अधिक जागतील, अशी भीती इथल्या पालकांनाही होती. प्रत्यक्षात इथल्या विद्यापीठातील संशोधकांनी दोन शाळांत मोजणी केली, तेव्हा झोप ३४ मिनिटांनी वाढल्याचे दिसले. तरीही ती साडेसात तासांच्या आतच राहिली, आणि किशोरांना तर आठ ते दहा तास हवेत असे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे इथेही सगळे आलबेल नाही.

ताईचे म्हणणे असे की परीक्षेच्या आदल्या रात्री त्याला नऊलाच झोपवते, मग बिघडले कुठे? अमेरिकेतल्याच एमआयटी या विद्यापीठात शंभर विद्यार्थ्यांच्या मनगटाला झोप मोजणारे यंत्र बांधून केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आदल्या एका रात्रीच्या झोपेचा गुणांशी संबंध त्यात आढळला नाही. संबंध होता तो आधीच्या कित्येक आठवड्यांच्या पुरेशा आणि नियमित झोपेशी. दिवसभर शिकलेले पक्के होते ते झोपेत, आणि हे काम परीक्षेच्या आदल्या रात्री उरकता येत नाही.

अभ्यासाच्या पद्धतीबाबत मात्र मला घरचेच जुने वळण अधिक शहाणे वाटते. साखर पेठेतल्या घरी आजोबा दिवेलागणीला परवचा म्हणायला बसवत. पुस्तक मिटलेले, पाढा आठवला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. इथे येऊन आम्ही सगळ्यालाच घोकंपट्टी म्हणून हिणवले (मीही त्यात होतो), आणि आता मानसशास्त्रज्ञांचे प्रयोग सांगतात की धडा पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा तो न बघता आठवून पाहिला, तर आठवड्यानंतर अधिक लक्षात राहतो. भाचा पहाटे चारला काय करतो म्हणाल, तर गाइडच्या ओळींवर पिवळा रंग फिरवतो.

म्हणून मी ताईला सुचवले की चारची उठबस बंद करावी, त्याला रात्री साडेदहाला झोपू द्यावे आणि संध्याकाळी पुस्तक मिटून तासभर प्रश्न विचारावेत. सहाचा क्लास सोडवून दुपारच्या तुकडीत घालता येईल का, हेही विचारले. त्यांच्या भागात नळाला काही दिवसांआड, तेही अनेकदा रात्री-अपरात्री पाणी येते, आणि मोटार लावायला भाच्यालाच उठवतात. ते काम परीक्षा होईपर्यंत भावोजींकडे गेले आहे. क्लासचे पैसे वर्षाचे भरलेले असल्याने त्याबद्दल ताई अजून काही बोललेली नाही.