उत्तरेकडे तोंड

काल संध्याकाळी शेजारच्या काकांनी माझ्या कासवाच्या टाकीत रुपयाचं नाणं टाकलं, डोळे मिटून हात जोडले आणि डोळे उघडल्यावर मलाच म्हणाले, "पाणी जरा गढूळ ठेवलंय हो तुम्ही."

कासव मूळचं भाच्याचं. पुण्याला शिकायला जाताना "मामा, दोनच दिवस" म्हणून ठेवून गेला, त्याला सात महिने झाले. घेतलं तेव्हा ते नाण्याएवढं होतं आणि दुकानदाराने "एवढंच राहतं" म्हणून सांगितलं होतं. आता पाठ पाच इंचांची आहे, फूटभरही होऊ शकते. पाठीच्या दर इंचाला चाळीसेक लिटर पाणी लागतं, म्हणजे दोनशे लिटर, म्हणजे हॉलच्या कोपऱ्यात दोनशे किलो. मग चार फुटी टाकी, लोखंडी स्टँड, फिल्टर, हीटर आणि अंग शेकायला विटांवर ओट्याचा उरलेला कडप्पा. नवीन सोफा पुढच्या वर्षी बघू, असं बायकोला सांगितलंय. ती "बघू" म्हणाली, पण टाकीकडे बघत म्हणाली.

काका रोज सहाला येतात. परवा मोबाइलमधलं होकायंत्र उघडूनच आले.

"याचं तोंड दक्षिणेला आहे."

"ते फिरत असतं, काका."

"फिरू देऊ नका. कासव उत्तरेला बघत असलं की लक्ष्मी येते. आमच्याकडे आहे ना, पंधरा वर्षं जागचं हललं नाही."

"ते पितळेचं आहे."

"तेच म्हणतो मी. वळण लावावं लागतं." मग त्यांची नजर वर गेली. "हा दिवा कशाला?"

"यूव्हीबीचा, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा आहे. त्याशिवाय याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कवच मऊ पडतं."

"मग खिडकीत ठेवा की! ऊन फुकट आहे."

"खिडकीची काच नेमके तेच किरण अडवते."

"केवढ्याला पडला?"

"दीड हजार."

काका खाली बसले. उजेड तसाच दिसत असला तरी सहा-आठ महिन्यांनी तो बदलावा लागतो, हे सांगायची मला हिंमत झाली नाही. थोड्या वेळाने शांतपणे म्हणाले, "आपल्या नाशकातल्या कपालेश्वर महादेवाला नंदी नाही. अडलं का देवाचं? मग तुमच्या कासवाचं दिव्यावाचून काय अडतंय?"

यावर उत्तर असेल तर मला कळवा. मी तीन दिवस शोधतोय.

ही जात अमेरिकेची, मिसिसिपीच्या खोऱ्यातली, हे चुकून बोलून गेलो. काकांचा मुलगा न्यू जर्सीला. ते टाकीकडे वाकून बराच वेळ बघत राहिले. कासव तेव्हा कडप्प्यावर मागचे पाय लांब पसरून, बोटं फाकवून, मान ताणून दिव्याखाली पडलं होतं. "आमचा तिकडे जायला सहा वर्षं खपला," काका म्हणाले, "आणि हे इकडे येऊन बिनकामाचं झोपलंय." पुढे काही बोलले नाहीत. मीही चहा टाकला.

थंडीचं तर विचारूच नका. पेपरात निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की लोक शेकोटीचे फोटो टाकतात, मी थर्मामीटर घेऊन पहाटे पाचला टाकीशी उकिडवा बसतो. पाणी पंचविसाच्या आसपास हवं. मला स्वतःला गीझर सातला मिळतो.

आणि सल्ले! सोसायटीतल्या चौघांनी एकच सांगितलं: "सोडून द्या गोदावरीत, पुण्य लागेल." कसलं पुण्य? हे परदेशी कासव नदीत तगतं, भरपूर खातं आणि इथल्या कासवांच्या तोंडचा घास नि उन्हातली जागा पळवतं. आपली कासवं घरात ठेवायला 1972च्या वन्यजीव कायद्याने बंदी, म्हणून ही परदेशी विकायची, एवढीएवढी, प्लॅस्टिकच्या डबीत, मधोमध प्लॅस्टिकचं नारळाचं झाड. विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळालं, भाच्याला वाढदिवस मिळाला. हे वीस-तीस वर्षं जगणार आहे. मी बावन्नचा आहे. हिशेब तुम्हीच करा. भाचा फोनही करत नाही. केला तर पैसे मागतो.

तर ते नाणं. कासव दिसेल ते चावून बघतं, गिळलं तर ऑपरेशन. मी कोपरापर्यंत हात घातला, फिल्टरच्या नळीमागे चाचपलं, तेवढ्यात करंगळीला चावा बसला. नाणं पुसून शेजारी द्यायला गेलो.

"छे छे," काका दारातच मागे सरकले, "वाहिलेलं परत घेत नाहीत. अपशकुन."

नाणं फ्रिजवर आहे. आज ऑफिसातून आलो तर टाकीत पाच रुपयांचं होतं, दिवा बंद होता आणि कासव अंधारात, चक्क उत्तरेकडे तोंड करून बसलं होतं.

"काका येऊन गेले," बायको म्हणाली. "वीज वाचवा म्हणाले."