खाणीत टिकला म्हणून टायर हायवेवर टिकत नाही

टिपर-डंपरवाल्यांमध्ये एक मेसेज सतत फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ड्राइव्ह एक्सलला (इंजिनची ताकद ज्या चाकांना मिळते त्या एक्सलला) मिळेल तितक्या खोल नक्षीचा लग टायर, म्हणजे मोठ्या सुट्या ठोकळ्यांचा टायर, चढवा, खाणीत टिकतो तो डांबरी रस्त्यावर टिकणारच, साइटवर हवा उतरवली की पकड वाढते, आणि एकाच बाजूला शेजारी-शेजारी लावलेल्या जोडीतला एक गेला तर तेवढाच नवा घाला. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण हे ऐकून लोक धडधाकट टायर वाया घालवतात, आणि भरल्या गाडीखाली टायर फुटण्याची वेळही ओढवून घेतात.

आधी सगळ्यात धोकादायक मुद्दा घेतो, खाणीतला टायर रस्त्यावर टिकणारच, हा. दोन्ही ठिकाणी टायर वेगवेगळ्या कारणाने मरतो. खाणीत तो कापला जातो, हायवेवर तो तापतो. दगडाला दाद न देणारं रबर कंपाउंड, म्हणजे रबराचं मिश्रण, चालताना जास्त उष्णता तयार करतं, आणि थंड चालणारं कंपाउंड दगडावर लवकर चिरतं. दोन्ही गुण एकाच रबरात पुरेपूर मिळत नाहीत. मिक्स सर्व्हिसचा, म्हणजे कच्च्या आणि डांबरी दोन्ही रस्त्यांसाठीचा, प्रत्येक टायर ही तडजोडच असते. रबर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. साइटवर ताशी वीसने दोन-चार किलोमीटर जाऊन गाडी रिकामी होते, तेवढ्यात टायर निवतो. तोच टायर भरल्या गाडीला लावून दोन तास सलग पळवला, तर नक्षीखालच्या तारेच्या पट्ट्यांच्या कडांशी उष्णता साठत जाते आणि पट्टे सुटायची सुरुवात तिथूनच होते.

याचं उत्तर साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, छापलेलं असतं, पण ते वाचतं कोण! समजा 156/150 K लिहिलंय. 156 म्हणजे एकटा लावला तर 4000 किलो, 150 म्हणजे जोडीत लावला तर प्रत्येकी 3350 किलो, आणि K म्हणजे ताशी 110 किमीची मर्यादा. G असेल तर 90, F असेल तर फक्त 80. ड्राइव्ह एक्सलला बहुतेक जोडी असते, म्हणून दुसरा, लहान आकडा आपला. अनेकजण पहिला धरून माल भरतात.

आता खोली. नक्षी खोल तितकं आयुष्य जास्त, हे कमी वेगाच्या आणि कच्च्या कामाला बऱ्याच अंशी खरं आहे. लांब डांबरी पल्ल्यावर मात्र उंच, सुटे ठोकळे प्रत्येक फेऱ्यात वाकतात, घसटतात आणि तापतात. अशा टायरवरून तळहात फिरवून बघा. एका दिशेने गुळगुळीत लागेल, उलट दिशेने प्रत्येक ठोकळ्याची धार हाताला अडेल. ठोकळ्याचा एक काठ झिजलाय, दुसरा उभाच आहे. आवाज वाढतो, डिझेल जास्त जातं, आणि नक्षी बाकी असतानाच टायर उतरवावा लागतो. खोलीचे जादा मिलिमीटर पैसे देऊन घेतले आणि वापरलेच नाहीत.

शिवाय कच्चा रस्ता म्हणजे एकच जमीन नव्हे. चिखलात उघड्या खांद्याची (खांदा म्हणजे नक्षीची बाहेरची कड), स्वतः साफ होणारी नक्षी हवी. सुक्या वाळूत तीच आक्रमक नक्षी जागच्या जागी खड्डा खणते. टोकदार खडकावर सुटे ठोकळे तुकड्या-तुकड्यांनी उडतात. तिथे जमिनीला जास्त रबर टेकलेलं बरं. पावसात तर जास्तच जपायला हवं, कारण ओलं रबर कोरड्यापेक्षा फार सहज कापलं जातं. चाक जागेवर फिरवत बसण्याऐवजी वेळेवर डिफ लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारा लॉक) लावला, तर कितीतरी टायर वाचतील.

हवा उतरवून मऊ जमिनीवर पकड मिळते, हे खरंच आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी 'डक' या उभयचर ट्रकला चालत्या गाडीत केबिनमधून हवा कमी-जास्त करायची सोय होती ती याचसाठी, वाळूवर कमी आणि रस्त्यावर परत पूर्ण. मेसेजमध्ये नेमकं हे 'परत पूर्ण' गाळलंय. ठरलेल्या दाबाच्या 80 टक्क्यांखाली चाललेला टायर उद्योगात 'रन फ्लॅट', म्हणजे हवेविना धावलेला, धरतात. म्हणजे 120 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दाबाचा टायर 96 च्या खाली धावला, तर नुसती हवा भरून पुढे निघायचं नाही. रिमवरून काढून आतून तपासायचा, कारण साइडवॉलमधल्या तारा वाकून कमजोर झालेल्या असू शकतात आणि हवा भरतानाच तो फुटू शकतो. म्हणून भरायचा तोही लोखंडी सुरक्षा पिंजऱ्यातच.

जोडीचा हिशोब तर साधा आहे. नव्याची नक्षी 24 मिमी आणि जुन्याची 12 उरलेली, म्हणजे व्यासात 24 मिमीचा फरक. परिघात तो सुमारे 75 मिमी होतो. दोघेही एकाच हबवर आवळलेले, तेव्हा फेऱ्याही सारख्याच. एकाला घसटत जाणं भाग आहे. उंच टायर जादा वजन उचलून तापतो, बुटका घासून संपतो. व्यासातला फरक साधारण 6 मिमीच्या आत ठेवावा. नाहीतर शिल्लक टायरमधून जोड जमवावी आणि नवी जोडी दुसरीकडे घालावी.

मग निवडायचं कसं? कॅटलॉग उघडण्याआधी तुमच्याच गाडीवरून उतरलेले टायर भिंतीला लावून बघा. खांद्यांवर काप आणि उडालेले तुकडे दिसत असतील तर कापाला टिकणारं कंपाउंड घ्या. ठोकळे एका काठाने झिजले असतील तर कमी खोल, एकमेकांना बांधलेल्या ठोकळ्यांची नक्षी बघा. खाचांच्या तळाशी खडे रुतून तारेपर्यंत भोकं पडली असतील, तर तळाशी खडा बाहेर फेकणाऱ्या उंचवट्यांचा टायर हवा. काप नसताना पट्टे सुटले असतील तर आधी वेग, वजन आणि हवा तपासा. आणि जुन्या टायरवर नवी नक्षी चढवणाऱ्या रिमोल्डवाल्याने केसिंग (टायरचा मूळ सांगाडा) परत पाठवलं असेल, तर त्याला कारण विचारा. तारेला गंज हे उत्तर आलं, तर कुठल्यातरी कापातून पाणी महिनोन्‌महिने आत जात होतं; तो काप दिसला त्याच दिवशी दुरुस्त करून घेतला असता तर केसिंग पुन्हा चढलं असतं.