हिट्सची रेकॉर्ड म्हणून बाजूला सारू नका

आज डोकं फिरलंय, म्हणून लांब लिहिणार आहे. वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे जा.

कोथरूडला एका मित्राकडे आम्ही काही जण अधूनमधून रेकॉर्ड ऐकायला जमतो. आज मी न्यू ऑर्डर ह्या ब्रिटिश बँडची ‘सब्स्टन्स’ नेली होती. १९८७ची, दोन एलपींची, म्हणजे दोन मोठ्या तबकड्यांची. एका गृहस्थांनी ती हातात घेतली, उलटी करून गाण्यांची यादी वाचली आणि माझ्या पिशवीवर परत ठेवली. म्हणाले, "हे ग्रेटेस्ट हिट्स आहे. इथे आपण अल्बम ऐकतो." सगळे गप्प. मीही काही बोलले नाही, कारण घर मित्राचं होतं आणि त्याची आई पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर येत होती. पण घरी पोहोचेपर्यंत कानशिलं तापली होती.

तुम्ही माझे मित्र आहात. गाणं कुठल्या पाकिटातून आलं यावरून त्याची जात ठरवणारे तुम्ही नाही, हे मी धरूनच चालते. पण हे संगीतातलं सोवळं हल्ली फार वाढलंय. अल्बम म्हणजे पवित्र, सिंगल, म्हणजे एका गाण्यासाठी सुटी निघालेली रेकॉर्ड, ती बाजारू, आणि सिंगल्स एकत्र केले की ते तर थेट उष्टं. कुणी ठरवलं हे?

बाकीच्या बँडचं राहू द्या. न्यू ऑर्डरच्या बाबतीत हे बोलणं म्हणजे निव्वळ अडाणीपणा आहे. ‘सब्स्टन्स’च्या बारा गाण्यांपैकी नऊ गाणी त्यांच्या तेव्हाच्या ब्रिटिश एलपींवर नव्हतीच! ‘ब्लू मंडे’ १९८३मध्ये आलं, त्याच वर्षी त्यांचा ‘पॉवर, करप्शन अँड लाइज’ आला, आणि ब्रिटनमधल्या त्या एलपीवर ‘ब्लू मंडे’ नाही. ‘टेम्प्टेशन’ कुठल्याच अल्बमवर नाही. ‘थीव्ज लाइक अस’ नाही. ‘ट्रू फेथ’ नाही. उरलेली तीन आहेत, पण वेगळ्या रूपात. ही माणसं सिंगल म्हणजे अल्बमची जाहिरात असं मानतच नव्हती. बारा इंची सिंगल, म्हणजे एलपीएवढ्या तबकडीवरचं सिंगल, हीच त्यांची मुख्य कामाची जागा होती. मग ‘आम्ही अल्बम ऐकतो’ म्हणणाऱ्याने न्यू ऑर्डरचं नेमकं काय ऐकलं?

हिट्सच्या नावाखाली कंपन्या वर्षानुवर्षं तीच गाणी नव्या कव्हरात विकतात, हे मला माहीत आहे. बरं, मान्य. पुढे.

ही गाणी माझ्याकडे आली ती मिरजेत, माझ्या आजोळी. माझा मामा मिरजेत डॉक्टर झाला आणि ऐंशीच्या दशकात इंग्लंडला गेला. तिकडे मँचेस्टरला खेटून असलेल्या स्टॉकपोर्टमध्ये खोली घेऊन राहायचा आणि हॉस्पिटलात रात्रपाळ्या करायचा. मामा म्हणजे वसंतराव देशपांड्यांचं नाव निघालं की हातातलं काम खाली ठेवणारा माणूस. त्याला पॉपशी काय देणंघेणं? पण वॉर्डातल्या एका सहकाऱ्याने त्याला ‘सब्स्टन्स’च्या सीडी आवृत्तीतली पहिली सीडी टीडीकेच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून दिली. सहा गाणी एका बाजूला, सहा दुसऱ्या. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मामा घरी आला तेव्हा ती कॅसेट त्याच्या बॅगेत होती. संध्याकाळी अंगणात सडा घातला, टेपरेकॉर्डर ओट्यावर आणून ठेवला आणि मामाने ती लावली. आजी म्हणाली, "हे काय रे, गिरणी चालू झाली वाटतं." मामा हसला, पण बंद केली नाही.

त्या कॅसेटवरचं पहिलं गाणं होतं ‘सेरेमनी’. आता जरा इकडे लक्ष द्या.

‘सेरेमनी’ हे न्यू ऑर्डरचं पहिलं सिंगल, १९८१चं. पण गाणं त्यांच्या आधीच्या बँडचं, जॉय डिव्हिजनचं. शब्द त्यांचा गायक इअन कर्टिसचे. २ मे १९८० रोजी बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात जॉय डिव्हिजनचा शेवटचा कार्यक्रम झाला, त्यात हे गाणं त्यांनी वाजवलं होतं. १८ मेला, अमेरिकेच्या दौऱ्यावर निघायच्या तोंडावर, कर्टिसने मॅकल्सफील्डच्या घरी आत्महत्या केली. वय २३. चौघांचं आधीपासून ठरलेलं होतं की एक जण जरी गेला तरी ते नाव वापरायचं नाही. त्यांनी ते पाळलं. तुफान नाव होऊ घातलेला बँड त्यांनी तिथेच ठेवून दिला आणि शून्यापासून सुरुवात केली. ‘सेरेमनी’चे शब्द कर्टिसच्या आवाजातल्या धूसर टेपवरून काढावे लागले. बर्नार्ड सम्नर ती टेप इक्वलायझरमधून फिरवून एकेक ओळ कानांनी शोधत बसला आणि मग ते शब्द त्यालाच गावे लागले. तोवर तो गायकसुद्धा नव्हता, गिटार वाजवायचा.

हे ‘सब्स्टन्स’चं पहिलं गाणं आहे. शेवटचं ‘ट्रू फेथ’. गेलेल्या मित्राच्या शब्दांपासून निघून, १९८७च्या उन्हाळ्यात आख्खी ब्रिटिश तरुणाई ज्यावर नाचली तिथपर्यंतचा हा सलग रस्ता आहे, काळाच्या क्रमाने. मध्ये न्यूयॉर्क येतं, निर्माता आर्थर बेकरबरोबर केलेलं ‘कन्फ्युजन’ येतं. पहिल्या दोन गाण्यांत अजून दुखवट्याचा काळोख आहे आणि ‘टेम्प्टेशन’पासून कुणीतरी खिडक्या उघडतंय असं ऐकू येतं. दुःखातून माणसं कशी बाहेर येतात हे मला ह्याहून स्पष्ट कुठल्या अल्बममध्ये ऐकायला मिळालेलं नाही. आणि त्या गृहस्थांनी यादी वाचून ते पिशवीवर ठेवून दिलं!

असो. मिरज.

आमच्या आजोळच्या शेजारी एक सतारमेकर चाचा राहायचे. त्यांचं दुकान सतारमेकर गल्लीत, पण जवारी काढायचं, म्हणजे तारांखालची घोडी घासून नाद जुळवायचं, काम बरेचदा घरीच चालायचं. त्या संध्याकाळी ते कुंपणापाशी येऊन उभे राहिले. ‘ब्लू मंडे’ चालू होतं. सुरुवातीचा तो ड्रम मशीनचा ठोका, ओबरहाइम डीएमएक्सचा, तुम्हाला माहीतच आहे. चाचा बराच वेळ मान न हलवता ऐकत होते. मग म्हणाले, "डॉक्टर, परत लाव की जरा." मामाने मागे घेऊन परत लावलं. चाचा म्हणाले, "ठोका मशीनचा हाय. पण वरचा सूर माणसानं बसवलाय. जरा सरकलाय बघ. चांगलं वाटतंय ते."

मामाला ते पटलं नाही. यंत्रात सूर कसा सरकेल, म्हणाला. आम्हा पोरांना तर काहीच कळलं नाही.

खूप वर्षांनी न्यू ऑर्डरमध्ये कीबोर्ड वाजवणाऱ्या जिलियन गिल्बर्टची आठवण माझ्या वाचनात आली. ‘ब्लू मंडे’चं सगळं प्रोग्रामिंग तिच्याकडे होतं आणि एकेक सूर हाताने भरायचा होता. तिने सगळा क्रम कागदांवर लिहून ते कागद एकाला एक चिकटवले होते, विणकामाच्या नमुन्यासारखे, स्टुडिओच्या लांबीएवढे. भरताना एक सूर चुकून सुटला. त्यामुळे सिंथेसायझरची धून ठोक्यापासून किंचित सरकली. तशीच ठेवली गेली. आणि ते गाणं ब्रिटनमधलं आजवरचं सर्वाधिक खपलेलं बारा इंची सिंगल झालं.

वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिरजेत भोपळ्याच्या तुंब्यावर आयुष्य घालवलेल्या माणसाने, इंग्रजीचा एक शब्द न कळता, साध्या टेपरेकॉर्डरवर ते पकडलं होतं. चाचांनी हा अल्बम आहे की हिट्स आहेत असं विचारलं नव्हतं. "परत लाव" एवढंच म्हणाले होते.

मला राग येतो तो ह्याचाच. ऐकायला कान लागतो. रेकॉर्डचा प्रकार काय, पहिली आवृत्ती कुठली, जपानी प्रेस की ब्रिटिश, ह्याची माहिती असणं म्हणजे ऐकणं नव्हे.

दुसरी एक जमात आहे, तीही आज आठवतेय. ‘जॉय डिव्हिजनच खरं, न्यू ऑर्डर म्हणजे नाचगाणं’ म्हणणारे. त्यांना काय हवं होतं? उरलेल्या तिघांनी जन्मभर सुतकात बसायचं होतं? पीटर हुकचा बास (खर्जातली गिटार) ऐका. तो बास खालच्या पट्टीत पडून राहत नाही, वर चढून गातो. सम्नरच्या गिटारच्या गोंगाटात स्वतःचं वाजवणं ऐकू येईना म्हणून तो वरच्या सुरांत वाजवायला लागला, आणि ती दोन्ही बँडची ओळख झाली. जॉय डिव्हिजनमधला तोच हात, तीच बोटं. तुटलंय कुठे काही? आणि त्या नाचगाण्याच्या कमाईतूनच मँचेस्टरचा हासिएंडा क्लब तगला. पैसे बुडाले त्यात, पण त्या शहराच्या एका पिढीला रात्री जायला जागा मिळाली.

‘सब्स्टन्स’ निघाली कशी त्याची गोष्टही गोड आहे. त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या, फॅक्टरी रेकॉर्ड्सच्या, टोनी विल्सनने नवी जॅग्वार घेतली, तिच्यात सीडी प्लेयर होता, आणि न्यू ऑर्डरचे सगळे सिंगल्स गाडीत एकापाठोपाठ ऐकता यावेत अशी त्याची इच्छा होती. म्हणून ही रेकॉर्ड. मला ह्यात काहीच हलकं वाटत नाही. स्वतःच्या बँडवर इतकं प्रेम असलेला कंपनीमालक दाखवा मला. कुणी म्हणेल, १९९२मध्ये फॅक्टरीचं दिवाळं निघालं ते अशाच हौसेपायी. निघालं. खरं आहे.

आणि हो, एक गोष्ट त्या गृहस्थांनी सांगितली असती तर मी ऐकून घेतली असती. ‘टेम्प्टेशन’ आणि ‘कन्फ्युजन’ ह्या रेकॉर्डसाठी १९८७मध्ये नव्याने ध्वनिमुद्रित केलीत, आणि १९८२चं मूळ ‘टेम्प्टेशन’ जास्त धडधडतं. काही गाणी बारा इंचीपेक्षा कापून छोटी केलीत. हे आक्षेप बरोबर आहेत. पण त्यासाठी रेकॉर्ड ऐकावी लागते.

संध्याकाळी मामाला फोन लावला. आता निवृत्त झालाय, तिकडेच असतो. मी चिडून सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "अगं, मला कुठे माहीत होतं ते हिट्स आहे का काय आहे. रात्रपाळीवरून पहाटे गाडीत बसलो की सुरू करायचो. पाऊस, अंधार, आणि बोलायला कुणी नाही. घरी पोहोचलो तरी गाणं संपेपर्यंत गाडीतच बसून राहायचो." मग त्याने चाचांची चौकशी केली. चाचा जाऊन बरीच वर्षं झाली, हे त्याला माहीत आहे, तरी तो दर वेळी त्यांच्या मुलांचं कसं चाललंय ते विचारतो.

त्याच्याशी बोलून राग थोडा उतरला. पण मुद्दा सोडणार नाही.

२०२३मध्ये ‘सब्स्टन्स’ नव्याने निघाली, चार सीडींची. चौथ्या सीडीवर कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन मेडोजचा सप्टेंबर १९८७चा कार्यक्रम आहे. त्या रात्री त्यांनी ‘सब्स्टन्स’ पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच क्रमाने, मंचावर वाजवली. पुढे हुक बँडपासून फुटला, वकील झाले, नोटिसा झाल्या, आणि तरी तो स्वतःचा वेगळा बँड घेऊन गावोगाव आख्खी ‘सब्स्टन्स’ वाजवत फिरला. ज्यांनी ही गाणी केली त्यांनाच ही बारा गाणी एकसंध वाटत होती, भांडण झाल्यावरसुद्धा. आता ते गृहस्थ कुठल्या आधारावर तिला बाजूला सारतात ते त्यांनी मला सांगावं. ते माझ्या मित्रयादीत आहेत, वाचतीलच.

बाकी ज्यांनी ऐकली नसेल त्यांनी ‘सेरेमनी’पासून सुरू करा, क्रम मोडू नका, आणि मग दुसरी सीडीही लावा, बी-साइड्सची, म्हणजे सिंगल्सच्या मागच्या बाजूच्या गाण्यांची, तिच्यावर ‘१९६३’ आहे. चारही सीडी माझ्याकडे आहेत. कुणालाही ऐकायच्या असतील तर घरी या, शनिवारी मी असते.