'कंपन्या जगाला पाणी पाजतायत' या फॉरवर्डबद्दल

आमच्या फॅमिली ग्रुपवर हा मेसेज तिसऱ्यांदा आला, यावेळी थेट मामांकडून, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू. मेसेज थोडक्यात असा: सरकारं झोपलीत, जगातल्या गरिबांना स्वच्छ पाणी मिळतंय ते मोठ्या कंपन्यांच्या दानामुळे. तुम्ही त्यांची पाण्याची बाटली घेतली की तिकडे आफ्रिकेत पोरांना पाणी मिळतं. तिथे पोरं चक्रावर खेळतात आणि खेळता खेळता टाकी भरते. कंपन्या जेवढं पाणी घेतात तेवढं परत करतात. आणि आपल्याकडेही हे सगळं त्या मोठ्या मनानं करतात. खाली जोडलेले हात आणि 'पुढे पाठवा'.

मामा, राग मानू नका, एकेक घेतो.

आधी बाटली. अमेरिकेत इथॉस नावाचं बाटलीबंद पाणी आहे, २००५ मध्ये स्टारबक्सने ती कंपनी विकत घेतली. तेव्हा बाटली साधारण १.८० डॉलरला आणि त्यातले पाण्याच्या कामाला जाणार ५ सेंट. म्हणजे शंभर रुपयांच्या बाटलीतले पावणेतीन रुपये. २०१० पर्यंत १ कोटी डॉलर द्यायचं टार्गेट होतं, ५ सेंटच्या हिशोबाने त्याला २० कोटी बाटल्या खपायला पाहिजेत. पैसे पोचलेच नाहीत असं मी म्हणत नाहीये, पण गिऱ्हाइकाच्या खिशातून पावणेतीन टक्के काढून द्यायचे आणि नाव कंपनीचं, याला दान म्हणायचं असेल तर आमच्या कोपऱ्यावरचा किराणावाला पण दानशूरच म्हणायचा, तो गणपतीच्या वर्गणीचा डबा गल्ल्याशेजारी ठेवतो. आणि गंमत म्हणजे हे पाणी काही काळ कॅलिफोर्नियात भरलं जायचं, तिथे दुष्काळ पडला, बोंब झाली, तेव्हा २०१५ मध्ये बाटल्या भरायचं काम पेनसिल्व्हेनियाला हलवावं लागलं.

आता ते चक्र. याच्यावर जरा जास्त बोलणार, कारण मेसेजमधला फोटो याचाच आहे आणि तो खरा आहे, गोष्ट मात्र अर्धीच सांगितलीय. त्याचं नाव प्लेपंप, दक्षिण आफ्रिकेतली कल्पना. बागेत असतं तसं गोल फिरायचं चक्र, खाली बोअर, वर टाकी, टाकीच्या चारी बाजूंना बोर्ड, त्यावर जाहिराती आणि आरोग्याचे संदेश. जाहिरातीच्या पैशातून दुरुस्ती होणार असं ठरलेलं. २००६ मध्ये अमेरिकेत मोठ्या थाटात १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर झाले, त्यात अमेरिकन सरकारचा पैसा होता आणि एओएल या इंटरनेट कंपनीवाले स्टीव्ह केस यांच्या फाउंडेशनचा पण (म्हणजे 'सरकारं झोपलीत' ते इथेच उडालं). २०१० पर्यंत १० देशांत ४,००० पंप बसवायचं टार्गेट. ब्रिटनमध्ये वन वॉटर नावाची बाटली विकून पण याच पंपांना पैसे जायचे.

आता साधा गुणाकार करा. एक पंप २,५०० माणसांना पुरेल असा दावा होता, माणशी १५ लिटर धरलं तर दिवसाला ३७,५०० लिटर. पंपाचा वेग चांगल्यात चांगला तासाला १,४०० लिटर. भागाकार केला की जवळजवळ २७ तास येतात. पोरांनी रोज २७ तास खेळायचं! शाळा, जेवण, झोप सोडाच, दिवसच पुरत नाही. मग व्हायचं काय की पोरं दमून निघून जायची आणि बाया ते जड चक्र हातांनी ढकलत बसायच्या. साध्या हापश्यावर निदान उभं राहून दांडा मारता येतो. खेड्यात जाहिराती द्यायला कोण येणार, कितीतरी बोर्ड कोरेच राहिले, आणि पंप बिघडला की गावात कुणाला तो खोलता येत नव्हता, टाकीवरच्या नंबरला कळवा आणि महिनोनमहिने वाट बघा. किंमत साधारण १४,००० डॉलर, म्हणजे साध्या हापश्याच्या चौपट. सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे मलावीत काही ठिकाणी हापसे काढून त्याच बोअरवर हे बसवले. २०१० मध्ये केस फाउंडेशनने जाहीरपणे कबूल केलं की आमचं जमलं नाही, तेवढा प्रामाणिकपणा मात्र मानला पाहिजे.

आणि हापसा म्हटलं की आपण मान वर करायला हरकत नाही. आपल्याकडे खेड्यात आधी जे बिडाचे पंप बसवले ते एका घरापुरते बनवलेले, अख्ख्या गावाने हापसले की मोडायचे. त्याच्यावर उपाय म्हणून आधी जालन्याच्या मिशनवाल्यांकडे आणि मग सोलापुरात दणकट पंप तयार झाला, त्या सोलापूर पंपावरून १९७० च्या दशकात युनिसेफ, भारत सरकार आणि सरकारी कंपनी रिचर्डसन अँड क्रुडासचा मद्रासचा कारखाना यांनी मिळून इंडिया मार्क टू काढला. पेटंट नाही, कुणीही बनवा. आज आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत बाया तोच पंप हापसतात. फॉरवर्डमध्ये याचा फोटो कधी येत नाही.

'जेवढं घेतात तेवढं परत करतात' हे कोका-कोलाबद्दल असावं. २००७ मध्ये त्यांनी तसं म्हटलं, २०१५ मध्ये झालं म्हणून जाहीर पण केलं. पण परत केलेल्या पाण्याचा हिशोब लावला तो बाटलीत भरलेल्या पाण्याशी. साखर कशाची असते मामा? उसाला किती पाणी लागतं हे तुम्हाला मी सांगायचं का?

राहिलं मोठं मन. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, १ एप्रिल २०१४ पासून लागू. ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के अशा कामांवर खर्च करायचेच, कायदाच आहे तो. आणि २०२१-२२ मध्ये देशातल्या सगळ्या कंपन्यांचा शाळा, दवाखाने, पाणी सगळं धरून हा कायद्याचा खर्च, म्हणजे सीएसआर, झाला साधारण २६,५०० कोटी, जलजीवन मिशन २०१९ मध्ये जाहीर झालं तेव्हा एकट्या नळांसाठी पाच वर्षांचे मिळून धरलेले ३ लाख ६० हजार कोटी. नळ कोरडे असतील तर सरकारला शिव्या घाला, मीही घालतो, पण पैसा कुणाचा ते तरी बघा.

सगळंच वाईट असं नाही. प्रॉक्टर अँड गॅम्बलची ४ ग्रॅमची पुडी १० लिटर गढूळ पाणी प्यायजोगं करते, पुरात, भूकंपात ती खरंच कामाला येते. बाजारात खपली नाही म्हणून दानात आली हे खरं, पण कामाची आहे.

आणि मामा, आपल्याच गावातला तो आरओ प्लांट आठवतो ना? उद्घाटनाला पेढे वाटलेले, पाच रुपयांचं कॉइन टाकलं की वीस लिटर. दीड वर्षात मेंब्रेन, म्हणजे पाणी गाळायचा पडदा, चोक झालं, बदलायचे पैसे ना ग्रामपंचायतीकडे ना कंपनीकडे, त्यांचं काम उद्घाटनाच्या दिवशीच संपलेलं. आता खोलीत सरपण ठेवतात, आणि तुम्ही स्वतः तीस रुपयांचा जार मागवता.